थांबलेल्या माणसाला ओळखणारा सेन्सर: स्वयंचलित दरवाजावरील एका वर्षाचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील आमच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या दर्शनी दरवाजावर गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही नवे सुरक्षा सेन्सर बसवले. तेव्हापासून एक संपूर्ण पावसाळा, गणपती, दसरा, दिवाळी, हिवाळ्यातील शिबिरांची गर्दी आणि पुन्हा एक उन्हाळा त्यांनी काढला आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल इतका अनुभव आता जमा झाला आहे. इमारतीची देखभाल आणि त्यासंबंधीची खरेदी हे रुग्णालयातील माझे काम आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता नाही. परंतु या एका दरवाजापायी मला या विषयात जितके खोलवर शिरावे लागले तितके दुसऱ्या कोणत्याही यंत्रापायी शिरावे लागले नव्हते, आणि त्यातून जे कळले ते अशाच दरवाजाची देखभाल करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे अशी मनापासून इच्छा आहे.

आधी जुन्या दरवाजाची हकीकत सांगणे भाग आहे. दोन काचेचे सरकते पल्ले, वर मोटार आणि चौकटीच्या मध्यभागी आतून-बाहेरून एकेक रडार सेन्सर, अशी त्याची रचना होती. चौकटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवलेली फोटोसेलची जोडीही होती. मधली किरणरेषा तुटली की दरवाजा बंद होऊ नये, हे तिचे काम. धूळ बसून ती वारंवार अडत असे, म्हणून देखभालीसाठी आलेल्या कोणा मेकॅनिकने तिच्या वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. याचा अर्थ असा की वाट सदैव मोकळी आहे असेच कंट्रोलरला, म्हणजे मोटारीला आदेश देणाऱ्या यंत्राला, कळत राही. हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. जत तालुक्यातून आलेल्या एक आजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून घरी निघाल्या होत्या. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढतात. आजी उंबरठ्यावर थांबल्या आणि बाहेरच्या चपलांपैकी आपल्या कोणत्या हे वाकून पाहू लागल्या. तेवढ्यात पल्ले बंद होऊ लागले, एकाचा धक्का खांद्याला बसला, त्या हातावर पडल्या आणि मनगटाच्या हाडाला चीर गेली. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी देत असताना त्या म्हणाल्या, “लेकरा, तुमच्या दाराला माणूस दिसत न्हाई व्हय?”

तंत्राच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी अचूक होता, हे मला नंतर कळले. रडार सेन्सर साधारण 24 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत जो सूक्ष्म फरक पडतो, तो टिपतो. वेगाने येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, त्याच डॉप्लर परिणामावर हे काम चालते. माणूस चालत असेल तर रडारला तो दिसतो. माणूस थांबला की वारंवारतेतला फरक संपतो आणि रडारच्या लेखी तो माणूस तिथे उरतच नाही. दरवाजा उघडण्यासाठी रडार उत्तम आहे, पण बंद होणारा दरवाजा थांबवण्याचे काम एकट्या रडारवर सोपवणे ही मुळातली चूक आहे, आणि लहान शहरांतील अनेक बँका, दवाखाने व दुकाने यांच्या दारांवर आजही मला फक्त रडारच लावलेले दिसते.

इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण त्यातून ही चूक कुठे शिरली ते समजते. आज आपण वापरतो तशा स्वयंचलित सरकत्या दरवाजाची कल्पना डी हॉर्टन आणि ल्यू ह्यूइट या दोघांना 1954 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या कॉर्पस ख्रिस्ती या गावी सुचली. तिथल्या समुद्री वाऱ्यापुढे बिजागरीवर झुलणारी दारे टिकत नव्हती. त्यांच्या सुरुवातीच्या दरवाजांना वर सेन्सर नसे. पायाखाली दाबाने चालणारी चटई असे. ती झिजत असे, पण तिचा एक गुण मोठा होता. माणूस चालो वा थांबो, जोपर्यंत त्याचे वजन तिच्यावर आहे तोपर्यंत तो आहे हे तिला ठाऊक असे. पुढे वरून पाहणारी उपकरणे आली. जपानच्या ऑप्टेक्स कंपनीने 1980 मध्ये शरीराची उष्णता टिपणारा दरवाजासाठीचा सेन्सर आणला, नंतर रडारचा वापर सर्वत्र पसरला, आणि या प्रवासात चटईची ती साधी जाणीव, म्हणजे स्थिर उभ्या माणसाची जाणीव, स्वस्त दरवाजांमधून गळून पडली. ती परत आणण्याचे काम इन्फ्रारेड पडदा, म्हणजे वरून फरशीवर टाकलेला अदृश्य प्रकाशाचा पट्टा, करतो. (केवळ शरीराच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत लावू नये, असे मला वाटते. बाहेरची फरशी आणि माणूस यांच्या तापमानात फरकच उरला नाही तर त्याने ओळखायचे कशावरून?)

आम्ही घेतलेला सेन्सर संयुक्त प्रकारचा आहे. एकाच लांबट पेटीत उघडण्यासाठी रडार आणि थांबवण्यासाठी सक्रिय इन्फ्रारेड पडदा, अशी दोन्ही साधने असतात. जपानची ऑप्टेक्स, बेल्जियमची बीईए यांसारख्या कंपन्या अशा प्रकारचे सेन्सर बनवतात. आमच्या नगाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या वर्गातील बहुतेक चांगल्या सेन्सरना लागू आहे आणि खरा फरक नाममुद्रेपेक्षा बसवणाऱ्याच्या हातात अधिक असतो. इन्फ्रारेडचा भाग असा चालतो: पेटीतून खाली फरशीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे अनेक ठिपके ओळींनी टाकले जातात. वीज सुरू होताच सेन्सर काही सेकंदांत मोकळ्या फरशीवरून किती प्रकाश परत येतो हे लक्षात ठेवतो, आणि पुढे कोणत्याही ठिपक्याच्या परतीत बदल झाला की तिथे कोणीतरी आहे असे मानतो. म्हणून वीज गेल्यावर आणि पुन्हा आल्यावर त्या क्षणी दारात कोणी उभे राहू नये, ही सूचना आमच्या सुरक्षारक्षकांना पहिल्या दिवशीच द्यावी लागली.

बसवण्याच्या दिवशीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. पादचाऱ्यांच्या यंत्रचालित दरवाजांसाठी युरोपात ईएन 16005 हे मानक आहे. त्यात सेन्सर तपासण्यासाठी 700 मिलिमीटर उंच, 300 रुंद आणि 200 जाड अशी एक ठोकळ्यासारखी वस्तू ठरवून दिलेली आहे. अमेरिकेच्या मानकातही 28 इंच, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच उंचीचा स्थिर माणूस किमान 30 सेकंद ओळखला गेला पाहिजे अशी अट आहे. ही उंची धडपडत चालणाऱ्या लहान मुलाची आहे. मी औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याच मापाची पेटी तयार केली, तिची एक बाजू पांढऱ्या आणि दुसरी काळ्या कागदाने मढवली, आणि मेकॅनिक काम संपवून सामान आवरू लागला तेव्हा ती त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, “साहेब, एवढं कोणी बघत नाही.” तरीही तो थांबला, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

पेटी उंबरठ्याच्या मधोमध ठेवली तर दरवाजा उघडा राहिला. तीच पेटी डाव्या चौकटीला चिकटवून, काळी बाजू वर आणि समोर येईल अशी ठेवली, तेव्हा सेन्सरचा छोटा दिवा हिरवाच राहिला आणि पल्ला येऊन पेटीला लागला. कारण शोधायला अर्धा तास गेला. एक तर पडद्याची रुंदी कारखान्यातून आली होती तशीच अरुंद ठेवली होती. दुसरे कारण आमचेच होते: दारातली फरशी चकचकीत काळ्या ग्रॅनाईटची होती. काळी फरशी मुळातच थोडा प्रकाश परत पाठवते, त्यावर काळी वस्तू ठेवली तर परतीत पडणारा फरक नगण्य होतो आणि सेन्सरला तो जाणवत नाही. घोंगडी पांघरून येणारे धनगर आजोबा किंवा काळी छत्री मिटून उभा असलेला माणूस आमच्याकडे रोजचा आहे. मेकॅनिकने शिडीवर चढून पडद्याची रुंदी वाढवली, पहिल्या ओळीचा कोन स्क्रू ड्रायव्हरने किंचित किंचित फिरवत इतका आत आणला की सरकता पल्ला स्वतः तिच्यात येणार नाही पण उंबरठा येईल, आणि प्रत्येक फिरवणीनंतर मी पेटी चार बोटे सरकवत राहिलो. शेवटी दिवा प्रत्येक जागी लाल झाला. पुढच्या आठवड्यात आम्ही दारातला ग्रॅनाईटचा पट्टा काढून फिकट राखाडी, खरखरीत लादी बसवली. ओल्या पायांनी घसरण्याचा धोकाही त्यामुळे गेला. फरशीच्या रंगाविषयी एकाही विक्रेत्याने आम्हाला अवाक्षर सांगितले नव्हते, याचे मला वाईट वाटते.

रोजच्या वापरात सेन्सर समाधानकारक आहे. वॉकर घेऊन पावलापावलाने येणारे रुग्ण, चाकाची खुर्ची अर्धी बाहेर आणि अर्धी आत असताना मागे वळून बोलणारे नातेवाईक, उंबरठ्याला हात लावून नमस्कार करणाऱ्या बायका, या सगळ्यांसाठी दरवाजा थांबतो. वर्षभरात पल्ला कोणाला लागल्याची एकही नोंद आमच्या वहीत नाही. रडारचा भागही जुन्यापेक्षा शहाणा आहे. दाराकडे येणारा माणूस आणि दारावरून आडवा जाणारा माणूस यांत तो बऱ्यापैकी फरक करतो, त्यामुळे पदपथावरून जाणाऱ्यांसाठी दार उगाच उघडत नाही आणि प्रतीक्षागृहातला गारवा टिकतो.

अडचणी आल्या त्या बहुतेक हवामानाच्या आणि सणांच्या. दसऱ्याला चौकटीवर झेंडू आणि आंब्याच्या पानांचे तोरण बांधले गेले, ते वाऱ्याने सेन्सरसमोर हलत राहिले आणि दरवाजा दिवसभर उघडाच राहिला. आता तोरण बाहेरच्या कमानीला बांधतो. जुलैमध्ये फरशीवर पाण्याचा थर साचला की तिच्या परतीचा प्रकाश बदलतो आणि सेन्सरला तिथे कोणी असल्याचा भास होतो. नवी लादी आणि बाहेरची पत्र्याची पडवी यांमुळे हे बरेच कमी झाले. पायपुसणे सरकले तरी तोच प्रकार होतो, म्हणून ते कडेने पक्के केले. सेन्सरच्या पेटीच्या काचेवर कोळी जाळे विणतो, ते आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसावे लागते. या सर्व प्रसंगी सेन्सरची चूक दरवाजा उघडा ठेवण्याच्या बाजूने झाली, आणि चूक व्हायचीच असेल तर ती याच बाजूने व्हावी असे माझे ठाम मत आहे.

परंतु नेमक्या याच चुकांमुळे धोका सुरू होतो. दार उगाच उघडे राहते, एसीचे बिल वाढते, अशी तक्रार आली की मेकॅनिक संवेदनशीलता कमी करतो किंवा एखादी ओळ बंद करतो. तक्रार मिटते, आणि नेमके काय कमी केले ते कोणाच्या लक्षात राहत नाही. टोकियोतील रोप्पोंगी हिल्सच्या मोरी टॉवरमध्ये 26 मार्च 2004 रोजी सहा वर्षांचा एक मुलगा मोठ्या फिरत्या स्वयंचलित दरवाजात डोके अडकून मरण पावला. त्या दरवाजाला सेन्सर होते. मात्र दरवाजा वारंवार अडतो म्हणून वरच्या सेन्सरचे क्षेत्र आखडते घेतले होते, आणि त्या मुलाची उंची त्या सेन्सरच्या नजरेच्या टप्प्यापेक्षा खाली राहिली. फिरणारा भाग सुमारे 2.7 टन वजनाचा होता, त्यामुळे थांबण्याचा आदेश मिळाल्यावरही तो तत्काळ थांबू शकत नव्हता. या घटनेनंतर अपयशांचा अभ्यास करणारे अभियंते योतारो हातामुरा यांनी वेगवेगळ्या प्रकारच्या दरवाजांमध्ये माणूस अडकल्यास किती जोर लागतो हे पुतळे वापरून मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला. मी हा वृत्तांत वाचला तेव्हा आमच्या फोटोसेलच्या एकमेकींना जोडलेल्या त्या दोन वायरी डोळ्यांसमोर आल्या. तेव्हापासून आमच्या दरवाजाची प्रत्येक मांडणी, म्हणजे रुंदी, ओळी, संवेदनशीलता आणि वेळ, एका वहीत तारखेसह लिहिलेली असते, आणि माझी सही झाल्याशिवाय त्यात बदल होत नाही. सेटिंगचा रिमोटही आम्ही विक्रेत्याकडे न ठेवता स्वतः विकत घेतला. खरेदीच्या वेळी तो आग्रहाने मागून घ्यावा.

आणखी एका गुणाविषयी विक्रेते क्वचितच बोलतात आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या सेन्सरला एक चाचणीची जोडणी असते. दरवाजा बंद होण्याआधी कंट्रोलर सेन्सरला विचारतो की तू जागा आहेस ना, आणि उत्तर आले नाही तर दरवाजा बंदच करत नाही. सेन्सर जळला, वायर उंदराने कुरतडली किंवा कोणी ती काढून ठेवली, तरी दार उघडे राहते. ही जोडणी आमच्याकडे असती तर फोटोसेल वर्षानुवर्षे निकामी राहून कोणाला पत्ता न लागण्याचा प्रसंग आला नसता. मात्र त्यासाठी कंट्रोलरमध्ये तशी सोय लागते. आमच्या जुन्या कंट्रोलरमध्ये ती नव्हती, म्हणून तोही बदलावा लागला. सेन्सर नवा आणि कंट्रोलर जुना ठेवून चाचणीची वायर तशीच गुंडाळून ठेवलेली मी अन्यत्र पाहिली आहे. तशा स्थितीत महागड्या सेन्सरची निम्मी किंमत वाया जाते.

आता उणिवा. पहिली उणीव वेळेची आहे. दारात एखादा स्टूल किंवा खोके ठेवले तर ठरावीक वेळेनंतर सेन्सर त्याला फरशीचाच भाग समजू लागतो आणि दरवाजा बंद होऊ देतो. ही सोय सामानासाठी योग्य आहे. जिवंत माणूस थोडाफार हलत राहतो, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते; पण गुंगीत भिंतीला टेकून बसलेला रुग्ण किती हलेल याची खात्री देता येत नाही. विक्रेत्याने ही वेळ 30 सेकंद ठेवली होती. आम्ही ती उपलब्ध पर्यायांतील दीर्घ वेळेवर नेली. दुसरी उणीव अशी की हा सेन्सर दाराची मोकळी जागा पाहतो. उघडणारा पल्ला ज्या बाजूच्या स्थिर काचेमागे सरकतो ती जागा तो पाहत नाही. तिथे लहान मुले काचेला हात लावून उभी राहतात, आणि पल्ला सरकताना कडेच्या फटीत बोटे जाऊ शकतात. त्या बाजूसाठी वेगळे सेन्सर मिळतात, पण आम्ही दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे बसवले आणि तेवढे आम्हाला पुरेसे ठरले. तिसरी गोष्ट माहितीपुस्तिकेची. ती इंग्रजीत आहे, अक्षर बारीक आहे, आणि रक्षक किंवा सफाई कर्मचारी यांच्या उपयोगाचे त्यात काहीही नाही. आम्ही एका पानावर मराठीत सूचना लिहून ती दाराजवळ लावली.

किंमत साध्या रडारच्या जवळजवळ चौपट पडली, आणि कंट्रोलर, लादी व कठडे यांचा खर्च वेगळा. छोट्या दुकानात, जिथे दाराशी कायम माणूस उभा असतो, तिथे हा खर्च जड वाटेल हे मी समजू शकतो. तिथे निदान दोन उंचीवरची, चालू स्थितीतील फोटोसेलची जोडी तरी असावी. रुग्णालय, वृद्धाश्रम, शाळा, बँक आणि देवस्थानाचे भक्तनिवास यांसाठी मात्र मी रडार आणि इन्फ्रारेड असा संयुक्त सेन्सरच घ्यावा असे सांगेन, आणि मोबदल्याचा शेवटचा हप्ता पेटीची चाचणी समोर झाल्यावरच द्यावा असेही सांगेन.

पुठ्ठ्याची ती पेटी आता सुरक्षारक्षकाच्या खुर्चीमागे असते. रोज सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडण्याआधी तो ती उंबरठ्याच्या मध्ये आणि दोन्ही चौकटींपाशी ठेवून पाहतो आणि वहीत तीन खुणा करतो. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. मागच्या बाजूच्या, शस्त्रक्रिया विभागाकडे जाणाऱ्या दरवाजावर अजून जुनेच रडार आहे. तिथला कंट्रोलर आधी बदलायचा आहे, त्याचे दरपत्रक मागवले आहे, आणि तोपर्यंत ते दार स्वयंचलित न ठेवता बटण दाबून उघडले जाते व तिथे एक मावशी उभ्या असतात.